घाण्याच्या तेलाची पत्रके : तुलना कशाची, कशाशी?

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतूनही 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल मिळेल' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. दुकानात लाकडी उखळ असते, बैलाच्या जागी विजेची मोटर असते आणि तेलाच्या बाटलीबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात एक पत्रक पडते. पत्रकावर बहुधा दोन रकाने असतात. डावीकडे घाण्याचे तेल : जीवनसत्त्वे, शक्ती, निसर्ग. उजवीकडे रिफाइंड तेल : रसायने आणि आजारांची लांबलचक यादी.

ही पत्रके दप्तरातून वर्गात येतात, विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर जशीच्या तशी उतरतात आणि मग 'बाई, घरी कोणते तेल आणायचे?' हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. प्रश्न क्षुल्लक नाही. घाण्याचे तेल रिफाइंड तेलापेक्षा बरेच महाग पडते. महिन्याला चार-पाच लिटर तेल लागणाऱ्या घरात हा फरक भाजी, दूध किंवा फळे यांच्या पैशांतून निघतो. पत्रक वाचून आई-वडिलांनी असा फरक सोसायचा असेल, तर पत्रकात खरे किती हे कोणीतरी तपासायला हवे. विज्ञानाच्या शिक्षकाइतके ते काम दुसरे कोण करणार?

अशी काही पत्रके आम्ही गोळा करून शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्यांतील काही विधाने खरी आहेत, काही अर्धी खरी, काही साफ चूक. आमचा मुख्य आक्षेप मात्र एकेका विधानावर नसून तुलनेच्या मांडणीवर आहे. पत्रक तेलाची विभागणी ते कसे काढले यावरून करते. ते कोणत्या बियांचे आहे आणि कोणत्या कामासाठी वापरायचे आहे, हे दोन प्रश्न त्यात येतच नाहीत. तेलाचे बहुतेक गुणधर्म तर याच दोन प्रश्नांशी जोडलेले आहेत.

'थंड' म्हणजे किती थंड?

सुरुवात नावापासून करू. 'कोल्ड प्रेस्ड' या शब्दाची अन्नमानकांमधील व्याख्या सोपी आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या १९९९ सालच्या वनस्पती तेलांच्या मानकानुसार, बाहेरून उष्णता न देता केवळ यांत्रिक दाबाने काढलेले आणि फार तर पाण्याने धुऊन, निवळून, गाळून किंवा यंत्रात फिरवून स्वच्छ केलेले तेल म्हणजे कोल्ड प्रेस्ड तेल. या व्याख्येत तापमानाचा आकडा नाही. उखळात फिरणाऱ्या लाकडाच्या घर्षणाने दाणे तापतातच. घाण्यातून निघालेले ताजे तेल हाताला कोमट लागते. तेव्हा 'थंड' याचा अर्थ मुद्दाम न तापवलेले, एवढाच घ्यायचा. लोखंडी एक्स्पेलरमध्ये दाब जास्त, म्हणून घर्षण आणि तापमानही जास्त. पुष्कळदा बियाही आधी वाफवून किंवा तापवून घेतात. फरक आहे, पण तो अंशांचा आहे. अमृत आणि विष यांच्यातला नव्हे.

एका तेलाच्या बाबतीत मात्र न तापवण्याला निश्चित अर्थ आहे. मोहरीचा झणका बियांत तयार नसतो. दाणा भरडला आणि त्यात पाणी मिसळले की मायरोसिनेज नावाचे विकर बियांतील गंधकयुक्त संयुगांवर क्रिया करते आणि नाकात झोंबणारे द्रव्य तयार होते. बिया आधी तापवल्या तर हे विकर निकामी होते. म्हणून उत्तर भारतात 'कच्ची घानी' मोहरी तेलाला मान आहे आणि त्या मानामागे खरे रसायनशास्त्र आहे. पत्रकांनी नेमके हे उदाहरण घेतले असते तर मुलांना काही शिकायला मिळाले असते.

रिफाइंड करताना काय जाते, काय राहते?

उजव्या रकान्यात 'रिफाइंड तेलातील सर्व पोषण नष्ट होते' असे असते. हे अर्धे खरे आहे. कारखान्यात तेलातील चिकट पदार्थ काढतात, अल्कलीने मुक्त मेदाम्ले साबण करून वेगळी करतात, शोषक मातीतून नेऊन रंग काढतात आणि शेवटी निर्वातात २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून वाफेने वास घालवतात. यात वास, रंग आणि चव जाते. कॅरोटीन जवळजवळ सगळे जाते आणि ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. शेवटच्या पायरीत थोडी ट्रान्स मेदाम्लेही तयार होऊ शकतात. आपल्याकडे २०२२ सालापासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदांवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

पण तेलाचे मूळ घटक, म्हणजे मेदाम्लांचे प्रमाण, या साऱ्यात जवळपास तसेच राहते. एक ग्रॅम तेलाचे सुमारे नऊ किलोकॅलरी हे गणित दोन्ही तेलांना सारखेच लागू आहे. 'घाण्याचे तेल कितीही खाल्ले तरी चालते' असे काही पत्रके सुचवतात. ते चूक आहे, आणि आमच्या मते सर्वांत घातक आहे.

'हेक्झेन' या शब्दाची भीती पत्रकांत बरीच घातली जाते. पेंडीतले उरलेले तेल काढण्यासाठी हे द्रावण वापरतात हे खरे. ते सुमारे ६९ अंशांना उकळते, त्यामुळे तापवून उडवून लावता येते. त्याच्या अवशेषावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. ती पाळली जाते की नाही हे तपासायची मागणी रास्त आहे. परंतु 'रसायन' या शब्दालाच घाबरायला शिकवणे ही विज्ञानाच्या तासाची पीछेहाट आहे. घाण्याचे तेलही रसायनच आहे.

हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावायला हवा. रिफाइंड तेलाच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे 'कोलेस्टेरॉलमुक्त' हा शब्द मिरवला. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांच्या शरीरातील पदार्थ. वनस्पती तेलात तो नगण्य असतो, मग ते तेल कारखान्याचे असो की घाण्याचे. जे कोणत्याच वनस्पती तेलात नसते, ते आपल्या तेलात नाही म्हणून सांगणे ही चलाखी झाली. पत्रके आज जे करतात त्याचा कित्ता जाहिरातींनीच घालून दिला आहे.

गाळलेला रकाना : बी कोणते?

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पत्रकाच्या डाव्या रकान्यात शेंगदाणा, तीळ, खोबरे, करडई, मोहरी, जवस ही सगळी तेले एकाच ओळीत उभी असतात, जणू घाण्यातून निघाली म्हणून ती भावंडे. प्रत्यक्षात ती एकमेकांपासून फार दूर आहेत. हे अंतर मोजायला आयोडीन अंक ही जुनी आणि सोयीची पट्टी आहे. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, तो हा अंक. मेदाम्लांत दुहेरी बंध जितके जास्त, तितका तो मोठा. ढोबळ आकडे असे :

खोबरेल : ७ ते १० (बहुतांश संपृक्त, निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल)
एरंडेल : ८२ ते ९० (सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल)
शेंगदाणा : ८५ ते १०० (ऑलिइक जास्त, त्याखालोखाल लिनोलेइक)
मोहरी : ९६ ते ११२ (देशी वाणांत इरुसिक आम्ल भरपूर)
तीळ : १०३ ते १२० (ऑलिइक व लिनोलेइक जवळपास सारखे)
करडई : १३५ ते १५० (सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक)
जवस : १७० च्या वर (निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक)

खोबरेल आणि जवस, दोन्ही घाण्याची. अंकांत सतरा-अठरापट फरक. याउलट घाण्याचे शेंगदाणा तेल आणि रिफाइंड शेंगदाणा तेल यांचे अंक जवळपास एकच. पत्रकाने जिथे मोठी दरी दाखवली तिथे ती लहान आहे, आणि जिथे दाखवलीच नाही तिथे ती प्रचंड आहे.

या अंकाचा रोजच्या व्यवहाराशी थेट संबंध आहे. हवेतील प्राणवायू दुहेरी बंधांशेजारी हल्ला करतो. ऑलिइक आम्लापेक्षा लिनोलेइक आम्ल ढोबळमानाने दहापट वेगाने बिघडते आणि लिनोलेनिक त्याच्याही सुमारे दुप्पट वेगाने. म्हणून खोबरेल महिनोन् महिने टिकते आणि जवसाचे तेल उघडे राहिले तर काही दिवसांत उग्र होते. तिळाचे तेल या हिशेबाला थोडा अपवाद. आयोडीन अंकावरून वाटते त्यापेक्षा ते पुष्कळ जास्त टिकते. त्यात सेसामोलिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून बनणारे सेसामॉल तेलाला खवट होऊ देत नाही. यावरून मुलांना आणखी एक धडा मिळतो : एका अंकावरून सगळे ठरत नाही, मग ती पट्टी आमची का असेना.

कामाप्रमाणे तेल

दुसरा गाळलेला प्रश्न कामाचा. 'आमचे तेल सर्व कामांस उपयुक्त' असे पत्रके म्हणतात. असे कोणतेच तेल नाही.

तळणीला तेल साधारण १७० ते १९० अंशांवर राहते. इथे दोन गोष्टी पाहायच्या : तेल किती तापमानाला धूर सोडते आणि तापल्यावर किती लवकर बिघडते. तेलात मुक्त मेदाम्ले जितकी जास्त, तितका धूर लवकर. रिफाइंड तेलातून ती काढलेली असल्याने तळणीसाठी ते सोयीचे ठरते. ताज्या, कोरड्या, निवडलेल्या दाण्यांच्या घाणा-तेलातही ती कमी असतात. जुन्या, ओल लागलेल्या दाण्यांच्या तेलात जास्त. म्हणजे इथेही घाण्यापेक्षा दाण्याची प्रत महत्त्वाची. करडईचे घाणा-तेल मराठवाडा-सोलापूरकडच्या भाजीत आणि भाकरी-चटणीवर छान लागते, पण त्यात पुन्हा पुन्हा तळणे शहाणपणाचे नाही. जवसाचे तेल तर तापवूच नये. चटणीवर वरून घ्यावे, थोडे आणावे, गडद बाटलीत ठेवावे.

कच्च्या तेलाची चव जिथे हवी, तिथे घाण्याच्या तेलाला तोड नाही. ठेचा, मेतकूट, पोह्यांचा चटपटीत कालवा, लोणच्यावरचा तेलाचा थर. लोणच्यातील तेलाचे मुख्य काम हवा अडवण्याचे, आणि हे काम मीठ व आंबटपणा यांच्या जोडीने चालते. एकट्या तेलाने लोणचे टिकत नाही.

केसांसाठी खोबरेल ही परंपरा कोकण-गोव्यात आणि त्याच्याही पलीकडे आहे. २००३ साली मुंबईच्या एका तेल कंपनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेलाने केसांतून होणारी प्रथिनांची झीज कमी केली; सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांनी तसे केले नाही. लॉरिक आम्लाचा रेणू आखूड आणि सरळ, म्हणून तो केसात शिरू शकतो असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. प्रयोग कंपनीतला होता हे मुलांना अवश्य सांगावे आणि निष्कर्ष तरीही विचारात घ्यावा. दोन्ही सवयी लागायला हव्यात. केसांना चांगले ते हृदयालाही चांगले असा अर्थ मात्र काढू नये. खोबरेल रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवते, या कारणाने अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला.

एरंडेल स्वयंपाकाचे नव्हे, पण साठवणीच्या तूरडाळीला आणि गव्हाला बोट फिरवायला घराघरात लागते. त्याचा दाटपणा रिसिनोलेइक आम्लातील हायड्रॉक्सिल गटामुळे येतो. एरंडीच्या बियांतील रिसिन हे जहाल विष प्रथिन असल्याने तेलात विरघळत नाही, पेंडीत राहते. जवसाच्या तेलाचा अवगुण, म्हणजे हवेत घट्ट होणे, हाच रंगाऱ्याला आणि सुताराला गुण वाटतो. क्रिकेटच्या बॅटला हे तेल चोळतात ते याचसाठी. खाद्य तेल म्हणून ज्याची मर्यादा, तेच लाकडाला चोळायला उत्तम. 'चांगले तेल' हा शब्दप्रयोग कामाचे नाव घेतल्याशिवाय अपुरा आहे, हे यापेक्षा स्पष्ट कशाने होईल?

शुद्ध म्हणजे सुरक्षित?

पत्रकांत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द 'शुद्ध'. इथे इतिहास आठवायला हवा. १९९८ सालच्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलातून जलशोथाची साथ पसरली. हजारो लोक आजारी पडले, साठाहून अधिक दगावले. कारण होते पिवळ्या धोत्र्याचे तेल. त्याचे काळे बारीक बी मोहरीसारखे दिसते आणि त्यात सॅन्ग्विनारिन हे विष असते. घाणा ते ओळखत नाही. बी आत गेले की विष तेलात येते.

शेंगदाण्याच्या बाबतीत धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले आणि शोध घेता घेता शेंगदाण्याच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हाती लागले. ओल्या, बुरसट दाण्यांतील हे विष बहुतांशी पेंडीत जाते, पण न निवळलेल्या गढूळ तेलात काही अंश राहू शकतो. कारखान्यातील अल्कलीची पायरी ते काढून टाकते. तसेच शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला घाण्याच्या तेलातील प्रथिनांच्या अंशाने त्रास होऊ शकतो. चांगल्या प्रकारे रिफाइंड केलेल्या तेलात हे अंश जवळपास नसतात.

याचा अर्थ घाण्याचे तेल वाईट असा नाही. ज्या पद्धतीत तेलाला नंतर काहीच करत नाहीत, तिथे आधीची बी-निवड सर्वस्व ठरते, असा आहे. दुकानदाराला 'घाणा लाकडी आहे का?' असे विचारण्यापेक्षा 'दाणे दाखवा' म्हणणे शहाणपणाचे. पत्रकात दाण्याबद्दल मात्र क्वचितच एखादी ओळ असते.

घाण्याची खरी बाजू

घाण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि पत्रके नेमके तेच विसरतात याचे आम्हाला वाईट वाटते. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत घाण्यावर प्रयोग झाले. सुधारलेली 'मगनवाडी घाणी' तिथूनच पुढे आली. ताज्या, निर्भेळ तेलाचा मुद्दा त्या वेळीही होता. पण त्याबरोबर तेल्याचा रोजगार, गावातले बी गावातच गाळणे आणि पेंड गुरांना मिळणे हा सगळा हिशेब मांडला जात होता. घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल उरते; द्रावणाने काढलेल्या पेंडीत एक टक्क्याहूनही कमी. कारखान्याच्या दृष्टीने ही नासाडी, म्हशीच्या दृष्टीने खुराक. आपला देश आज निम्म्याहून अधिक खाद्य तेल आयात करतो. अशा वेळी करडई, कारळे, जवस यांसारखी कोरडवाहू पिके आणि गावातला घाणा यांचा विचार करायला हवा. हा युक्तिवाद खरा आहे आणि त्याला आजारांच्या यादीचा आधार लागत नाही.

वर्गात काय करता येईल?

आमची सूचना अशी की पत्रक फाडून टाकू नये. ते फळ्याशेजारी लावावे आणि मुलांकडून त्याचे रकाने बदलून घ्यावेत.

एक : स्वच्छ फरशीच्या तुकड्यांवर खोबरेल, शेंगदाणा, तीळ, करडई आणि जवस यांचा एकेक पातळ थर द्यावा, धूळ बसणार नाही अशा जागी ठेवावे आणि रोज बोट लावून पाहावे. जवस प्रथम चिकट होईल, मग कातडीसारखा पापुद्रा धरेल. खोबरेल तसेच राहील. जमल्यास शेंगदाण्याचे घाण्याचे व रिफाइंड असे दोन तुकडे शेजारी ठेवावेत. एक इशारा : जवसाच्या तेलाने भिजलेले सुती बोळे चुरगाळून टाकू नयेत. ऑक्सिडीकरणाची उष्णता आत कोंडून ते आपोआप पेट घेतात. १९९१ साली फिलाडेल्फियातील एका उंच इमारतीला अशाच बोळ्यांनी आग लागली आणि तिच्यात तीन अग्निशामक जवान गेले. बोळे पाण्यात बुडवावेत किंवा मोकळे पसरून वाळवावेत.

दोन : किमतीचे गणित. शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असते. घाण्यात त्यातले ४० टक्के हाती येते असे धरू. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे एका लिटरला साधारण सव्वादोन किलो दाणे लागतात. गावातला दाण्याचा भाव घ्यावा, पेंडीची किंमत वजा करावी, मजुरी आणि वीज मिळवावी. दुकानातील भाव या उत्तरापेक्षा फार खाली असेल तर त्या तेलात दाण्याशिवाय आणखी काहीतरी आहे. आठवीच्या मुलाला हे गणित सहज येते.

तीन : नवा तक्ता. रकाने असे : बी, आयोडीन अंक, काढण्याची पद्धत, टिकाऊपणा, कशासाठी योग्य, कशासाठी अयोग्य, किंमत. शेवटचा रकाना आजी-आजोबांना विचारून भरावा : आमच्या घरी हे तेल पूर्वी कशाला वापरत?

घरी कोणते तेल आणायचे, या प्रश्नाला मग उत्तर देता येते. एकाच तेलावर राहू नये, आलटून पालटून किंवा दोन प्रकारची तेले वापरावीत, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. एकूण तेल मात्र बेताचेच हवे. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला २०-२५ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे, पुरतात. भाजीला परवडेल ते चांगल्या प्रतीचे तेल, चटणी-लोणच्याला जमल्यास थोडे घाण्याचे, अशी विभागणी बहुतेक घरांना झेपेल. ज्यांना तेही झेपत नाही, त्यांच्या मुलांनी पत्रक वाचून आपण विष खातो असे वाटून घेऊ नये. हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकांचीच आहे.

वरील प्रयोग ज्या शाळा करतील त्यांनी फरशीवरील तेलांची निरीक्षणे, तारीख आणि हवामानासह, आम्हाला जरूर कळवावीत. कोकणातला पावसाळा आणि सोलापूरचा उन्हाळा यांत जवसाचा थर किती दिवसांत वाळतो, हे पाहायची आम्हालाही उत्सुकता आहे.